सात नंबरचा वेल

३ एप्रिल

निरोप समारंभात ही वही मिळाली. सोबत भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, ते पहिल्याच दिवशी चार मिनिटं मागे पडलं. ज्या माणसाने तेहेतीस वर्षं शहरभरचे वजनकाटे आणि मापं तपासली, त्याला निरोपाला मागे पडणारं घड्याळ द्यायचं म्हणजे काय म्हणावं! वही मात्र बरी निघाली. वर पानं दोनशे असं छापलंय. मी मोजली, दोनशेच भरली. म्हणून हिच्यात लिहायला हरकत नाही.

आजपासून मागच्या बागेचा कारभार मी हातात घेतला. घराच्या कडेच्या बोळातून गेलं की एक लोखंडी फाटक लागतं, आणि आत बारा पावलांचा जमिनीचा तुकडा. बाकी तिन्ही बाजूंना उंच भिंत. स्वयंपाकघराचं दार त्याच बोळात उघडतं, त्यामुळे इतकी वर्षं बायको तिथे काहीबाही लावत असे. मला वेळ नव्हता म्हणून हे चाललं. आज नीट पाहिलं तर डोक्याला हात लावायची पाळी आली. एक ओळ सरळ नाही, एका रोपाला पाटी नाही, मिरचीच्या पायाशी झेंडू आणि झेंडूच्या पायाशी आणखी काहीतरी. दोऱ्या ताणून वाफे आखले. तण उपटलं.

जेवताना बायकोने विचारलं, "कोपऱ्यातला पुदिना कुणी उपटला?"

"तण होतं ते."

"नऊ वर्षं होता तो तिथे."

"मग त्याला पाटी का नव्हती?" मी विचारलं.

५ एप्रिल

चवळी लावायचं ठरवलं. आखूड नाही, ती दोरीसारखी लोंबणारी लांब शेंगांची. बायको लगेच बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. आत गेल्या वर्षीच्या बिया, एक तांबूस तर एक काळपट. जात कुठली, कोणी तपासल्या, कशाचा पत्ता नाही.

"डब्यात ठेवल्यात म्हणजे चांगल्याच असणार ना," ती म्हणाली. "अहो, चवळी तर मी दर वर्षी..."

"या वर्षी रीतसर करू," मी म्हणालो. डबा परत फळीवर गेला.

बियाण्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक बाई बसते, जिभेने फार तिखट. पाकिटावर ठळक अक्षरात छापलंय, 'शेंगेची लांबी तीन फूट'. मी विचारलं, "हे तीन फूट कोणी मोजले?"

"उगवून बघा की साहेब," ती म्हणाली आणि हसली.

हसण्यासारखं त्यात काय होतं? छापलेलं माप म्हणजे दिलेला शब्द. बरं, उगवून बघतो. एक बोट जरी कमी भरलं तरी लेखी तक्रार करणार. आता सगळा खटाटोप त्यासाठीच. सहा बिया, प्रत्येकीत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर, टेप लावून पेरल्या.

९ एप्रिल

चष्म्याची डबी टेबलाच्या खणात राहिली होती म्हणून ऑफिसात गेलो. माझं टेबल खिडकीपासून हलवून दाराशी लावलंय! एकोणीस वर्षं ते खिडकीशी होतं, उजेड डावीकडून येतो म्हणून. त्यावर नवा निरीक्षक बसला होता. मी नुसता खण उघडायला वाकलो तर म्हणतो कसा, "साहेब, आता तुम्हाला इथे काय काम?" वर हसतो. शिपाईही हसला, ज्याच्या बदलीसाठी मी दोनदा शब्द टाकला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. डबी न घेताच परत आलो. बायकोला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने हातातलं काम ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "फार लागलं ना तुम्हाला?"

लागण्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. असं मी तिला स्पष्ट बजावलं.

१२ एप्रिल

सहा बिया पेरल्या आणि सात रोपं उगवली. तीन वेळा मोजली. सातवं त्या पुदिन्याच्या कोपऱ्यात, दोरीच्या बाहेर. माझ्या हाताने मोजून सहा टाकल्या होत्या, सातवी आभाळातून पडली काय?

बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उगवलं असेल आपलं आपण."

उपटणारच होतो. तर म्हणाली, "राहू द्या की. तुमचं काय खातंय ते?" तुलनेला असू दे म्हणून ठेवलं. सगळ्यांना पाट्या लावल्या. त्याच्या पाटीवर लिहिलं, '७, अनधिकृत'.

२४ मे

मांडव बांधून महिना होऊन गेला. सहा वेलांना पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे खत दिलं, चमच्याने मोजून. सात नंबरला दाणाही दिला नाही. तो भांडी विसळलेल्या पाण्यावर जगतो, कारण बायको रोज संध्याकाळी ती बादली तिकडेच ओतते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही.

आणि आज पहिली फुलं आली ती कुठे? सात नंबरला! फिकट जांभळी, जोडीजोडीने. सकाळी उमलतात आणि दुपार व्हायच्या आत मिटतात. माझ्या सहांना नुसता पाला. गुरांना घालावा इतका पाला.

"खत जास्त झालं," बायको म्हणाली.

"पाकिटावर लिहिलंय तेवढंच घातलं."

"मग पाकिटालाच विचारा."

हिच्या बोलण्याला हल्ली धार आली आहे. नोकरीत असताना हे लक्षात आलं नव्हतं. तेव्हा घरी येईपर्यंत रात्र व्हायची, ही झोपेला आलेली असायची.

४ जून

सातवर शेंगा लोंबायला लागल्या. बाकीच्यांवरही एकेक दोन-दोन. एक शेंग कालपासून चार सेंटिमीटर वाढली. इतक्या भराभर वाढणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मोजणी सुरू केली. प्रत्येक शेंगेचा तक्ता वेगळा.

बायको टोपली घेऊन आली. मी फाटकातच थांबवलं. पूर्ण लांबी कळेपर्यंत एकही शेंग तोडायची नाही, हे सगळे नमुने आहेत, असं सांगितलं.

"अहो, शेंग खायची असते."

"आधी मोजायची असते."

"जून होतील. दोरखंड होतील."

"होऊ देत. तक्रार पूर्ण वाढीवर होते, कोवळेपणावर नाही."

टोपली घेऊन परत गेली. दुपारभर आत पडून राहिली. उकाडाही फार आहे म्हणा.

११ जून

चोरी! काल संध्याकाळी सात नंबरवर तेवीस शेंगा होत्या. आज सकाळी पंधरा. आठ नमुने रातोरात गायब. आणि चोर अडाणी नाही. देठाचा गाठीसारखा भाग, जिथून पुन्हा फुलं येतात, तो जिथल्या तिथे ठेवून नखाने अलगद खुडल्यात. वेलाला ओरखडा नाही. सराईत हात.

शेजारी कवायत मास्तर राहतात. शाळेत मुलांना कवायत शिकवायचे, आता निवृत्त. त्यांना विचारलं, रात्री काही आवाज ऐकलात का? तर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मला तर बुवा काही ऐकू आलं नाही." त्यांची बायको आत फडताळामागे तोंड घालून खोकत होती. मला तो खोकला काही खरा वाटला नाही. मास्तरांवर माझा संशय आहे.

२० जून

आज पहाटे साडेपाचपासून बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. डोळ्यात तेल घालून पहारा. रस्त्याने दूधवाला गेला, पेपरवाला गेला, बोळात चिटपाखरू आलं नाही. सहाला बायकोने पुढच्या दारातून हाक मारली, "चहा टेबलावर ठेवलाय, निवेल." पुढच्या खोलीत बसून चहा घेतला. फार तर दहा मिनिटं. परत जाऊन मोजतो तर सहा शेंगा कमी! दहा मिनिटांत माझ्या हातावर तुरी दिल्या.

बायको बोळातच होती, झाडू घेऊन. तिलाही कोणी दिसलं नाही म्हणे. घरात दोन माणसं जागी असताना ही हिंमत!

संध्याकाळी मास्तरीणबाईंनी वाटीभर शेंगांची भाजी पाठवली. दर गुरुवारी पाठवतात हल्ली. इतकी कोवळी शेंग, की जिभेवर विरघळावी. खरं ते लिहितो, दोनदा वाढून घेतली. यांना असली शेंग मिळते कुठे? बाजारात तर चामड्यासारखी मिळते. बायकोला म्हणालो, "बघ, लोकांना कसा जिन्नस पारखता येतो."

"हो ना," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आतच होती.

२२ जून

चोर आता माझी थट्टा करायला लागलाय. सात नंबरवरच्या सर्वांत लांब शेंगेला मी लाल दोरा बांधला आहे. आज तिच्या डावी-उजवीकडच्या सगळ्या खुडल्या आणि लाल दोऱ्याची तेवढी ठेवली! म्हणजे त्याला माहीत आहे की मी हिच्यावर जीव टाकून आहे. हा उद्दामपणा नाही तर काय? मोजली. अठ्ठावन्न.

एक गोष्ट मात्र कळत नाही. इतकी चोरी होऊनही सात नंबरवर रोज नव्या शेंगा येतातच आहेत. बाकी सहांवर चोर हात लावत नाही, तर ती मख्ख उभी. अनधिकृत तो अनधिकृत, वर असा माजलेला.

३० जून

शेवटी कुलूप आणलं. पितळी, भक्कम, सात कळांचं. फाटकाला साखळी घालून लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली.

बायको झारी भरून आली. कुलूप पाहून थांबली. "किल्ली?"

"माझ्याकडे आहे."

"मला पाणी घालायचंय."

"मी घालतो. आता तुला इथे काय काम?"

तिने झारी बोळात खाली ठेवली आणि आत गेली. बरं झालं. मला वाटलं होतं वाद घालेल, पण पटलं असावं.

१ जुलै

बायको तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, कोणीतरी हवंच म्हणे. ऐन मोजणीच्या दिवसांत! सकाळी बॅग भरून तयार. किती दिवस, विचारलं तर म्हणाली, "बघू." बघू हे काय माप झालं? आठ दिवस, दहा दिवस, काहीतरी आकडा असतो की नाही?

जाताना बिस्किटांचा डबा बॅगेत घालायला घेतला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत फळीवर ठेवला.

५ जुलै

कुलपाचा गुण! चार दिवसांत एकही चोरी नाही. शेंगा मोजाव्यात तेवढ्या भरतात. हे आधीच केलं असतं तर? लाल दोऱ्याची सदुसष्टवर गेली. हिच्याशी हे बोलायला हवं होतं, पण फोन केला तर म्हणेल, शेंगेसाठी फोन केलात. नाही केला.

काल गुरुवार होता. मास्तरीणबाईंनी वाटी पाठवली नाही. मी काही वाट बघत नव्हतो.

११ जुलै

लाल दोऱ्याची चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. विक्रम. पण दोन दिवस तिथेच थांबली, आणि अंगाने फुगायला लागली, आतल्या बिया एकेक करून मोजता येतील अशी. बाकीच्या पिवळ्या पडतायत. नवी फुलं सोमवारपासून एकही नाही. चोर नाही, पाणी वेळेवर, मग या वेलाला झालंय काय?

मुलीचा फोन आला. "बाबा, आई मजेत आहे. मावशीच्या गच्चीत सतरा कुंड्या लावल्यात तिने."

"मावशीचा डोळा कसा आहे?"

"तो कधीच बरा झाला."

"मग ही परत का येत नाही? इथे घर उघडं पडलंय."

"तुम्हीच विचारा ना तिला."

का विचारू? गेली ती, तिने कळवावं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की सकाळपासून पहिल्यांदाच मी तोंड उघडलं होतं, तेही मुलीशी बोलायला. घड्याळ आता सतरा मिनिटं मागे आहे.

१७ जुलै

सातच्या शेंड्यांवर मावा पडला. काळा, चिकट, बोट लावलं की हाताला माखतो. वर मुंग्यांची रांग, जणू त्यांच्या मालकीचं दुकान. पानं आखडली.

शेंगा आणि तक्ता घेऊन बियाण्यांच्या दुकानात धडकलो. सहा वेलांची सरासरी अडतीस सेंटिमीटर. तीन फुटांच्या निम्मीसुद्धा नाही! हे लोकांच्या तोंडाला पानं पुसणं झालं, मी लेखी तक्रार करणार, असं चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मग तुलनेला म्हणून सात नंबरची एक शेंग पुढे ठेवली.

बाईने ती हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली. "ही तर ताईंची चवळी."

"कोण ताई?"

"अहो, तुमच्या घरच्या. गेल्या वर्षी मीच त्यांच्याकडून मूठभर बी मागून नेलं. पण इतकी जून का होऊ दिली? तोडत नाही का तुम्ही?"

मी नमुन्यांचं सांगितलं. बाईने कपाळाला हात लावला. "साहेब, वेलावर शेंग पिकू दिली की वेल म्हणतो, झालं माझं काम. फुलं टाकणं बंद. रोज तोडाल तर रोज देईल. मग तक्त्यात जून महिनाभर एवढ्या शेंगा आल्या कशा? कोणी तोडत होतं का?"

"चोर होता. कुलूप लावून बंदोबस्त केला."

"मग त्या चोराला आधी परत बोलवा," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकं हसली.

तक्रार अर्ज खिशातच राहिला. घरी येताना नेहमीचं वळण सोडून पुढे गेलो आणि परत यावं लागलं. ऊन फार होतं.

१८ जुलै

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. मी सरळ विचारलं, "गुरुवारची भाजी बंद का केलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही चोरलंय. "कशाची करू भावजी? शेंगा देणारी गेली ना निघून."

मास्तर मागून म्हणाले, "अगं, राहू दे."

"का राहू दे? महिनाभर गच्चीवरून पाहिलं मी. पहाटे यांची खुर्ची पुढच्या दारी आणि ती बिचारी मागच्या मागे, भराभर खुडायची. निम्म्या मला द्यायची. म्हणायची, शिजवून पाठवा, म्हणजे त्यांच्याही पोटात जाईल. स्वतः लावलेल्या वेलाच्या शेंगा पदराआड लपवून न्यायची, भावजी. या वयात!"

घरी आलो.

१९ जुलै

संताप होतोय. सगळ्या गल्लीला माहीत! मास्तरांना माहीत, बियाण्यांच्या बाईने ओळखलं, दूधवालाही हसत असेल. मीच तेवढा वेडा, तेवीस आणि पंधरा करत बसलो. नवऱ्याला चहाला बसवून स्वतःच्याच घरात चोरी करायची म्हणजे

वरचं वाक्य अर्धं राहिलं. 'स्वतःच्याच' लिहिलं आणि पेन थांबलं. स्वतःच्या बागेतलं स्वतः लावलेलं तोडायचं याला चोरी म्हणता येईल का? कुठल्याच कलमात बसत नाही. मी बसवून पाहिलं.

पण सांगायचं होतं ना मला! एकदा तोंड उघडून सांगायचं, की तोडल्या नाहीत तर वेल थांबतो.

तिने सांगितलं होतं का? वही मागे चाळली. जून होतील, असं म्हणाली होती. खत जास्त झालं, म्हणाली होती. चवळी तर मी दर वर्षी, असंही म्हणाली होती, आणि ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं. मग ३० जूनचं पान वाचलं. मग ९ एप्रिलचं. मग परत ३० जूनचं. तेच शब्द, इथे काय काम. मी तर हसलोसुद्धा नव्हतो. हसलो असतो तर निदान तिला रागावता आलं असतं.

मला स्वतःचा इतका राग आला, की उठून ते भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात टाकलं. त्याने काही झालं नाही.

२० जुलै

सकाळी फोन केला. तिने उचलला.

"तपास पूर्ण झाला," मी म्हणालो.

"कसला?"

"चवळीचा."

ती म्हणाली, "बरं. मग आता काय, दंड करणार?"

मला एवढं बोलायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते असं, "वेल वाळतोय गं."

"कुठला?"

सात नंबर, म्हणणार होतो. "तुझा," म्हणालो.

मग एकदम तिचा तो स्वयंपाकघरातला आवाज आला. "मावा पडलाय का? शेंडे खुडून टाका आणि पाण्याची जोरात धार मारा, पानांच्या खालून. मुंग्या आधी झाडून काढा. खत अजिबात नको. आणि सगळ्या शेंगा उतरवा, पिवळ्या, वाळक्या, सगळ्या."

"लाल दोऱ्याची पण? चौऱ्याहत्तर आहे ती."

"ती पहिली."

"कुलूप काढतो आज."

"तुमची मर्जी. चोर येतील हो." ती हसली की नाही ते फोनवर कळलं नाही.

परत कधी येणार, हे विचारायचं धाडस झालं नाही. तेहेतीस वर्षं भल्याभल्या दुकानदारांच्या काट्यावर हात ठेवला, तेव्हा नाही घाबरलो.

२१ जुलै

सगळ्या उतरवल्या. लाल दोऱ्याची उन्हात वाळवून सोलली. बिया डब्यात टाकल्या, तिच्या बियांत. किती निघाल्या ते मोजलं नाही. डबा फळीवर होता तिथेच ठेवला. तक्रार अर्ज फाडला, पण पाकिटावरचे तीन फूट खोटे आहेत हे माझं मत कायम आहे.

कुलूप काढलं. साखळीही काढली. सात नंबरची पाटी उपटली. नवी पाटी लिहायला घेतली, पण काय लिहावं ते सुचेना. आता तिथे पाटी नाही.

२५ जुलै

तिचा फोन नाही. धार रोज मारतो आहे. मावा गेला. बादलीचं विसळलेलं पाणी आता मीच ओततो. भांडी एका माणसाची, पाणी जेमतेम अर्धी बादली होतं. ते पाहून पुन्हा चीड आली, कोणाची ते लिहीत नाही.

२९ जुलै

अकराच्या सुमारास रिक्षा थांबली. बायको उतरली. मी पुढच्या दारात उभा. माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणाली, "किती वाळलात," आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून बोळातून सरळ मागे गेली. मी मागून.

फाटकाशी थांबली. कडीकडे पाहिलं. कडी काढली आणि आत गेली. सातच्या बुडाशी वाकून पानं उलटून पाहिली, शेंडे पाहिले, मातीत बोट खुपसून ओल पाहिली. माझ्या सहा वेलांकडे पाहून "अरे देवा" म्हणाली. बरंच काही बोलत होती, माझ्याशी की वेलाशी ते समजत नव्हतं.

मी फाटकाच्या बाहेरच उभा होतो. या बागेत मी एप्रिलपासून दिवसातून वीस वेळा गेलो असेन.

"येऊ का आत?" मी विचारलं.

तिने वळून पाहिलं. माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं.

"तो टेप बाहेर ठेवून या," ती म्हणाली.

ठेवला, फाटकाच्या खांबावर. अजून तिथेच आहे.